चाक एकाच्या हातात

नंदुरबारजवळच्या रनाळ्याच्या शाळेत मी १९५४ साली मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाळेच्या घंटेचा लोलक तुटला. तो जोडून आणायला मी समोरच्या लोहारशाळेत गेलो. भात्याशी भिकन लोहार बसला होता आणि त्याची बायको दगूबाई घण घेऊन ऐरणीपाशी उभी होती. लोहाराच्या घरात घण बाईच्या हाती असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं लोलक हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "गुरुजी, हाऊ आपेआप तुटना का कोनी तोडी दिन्हा?"

मी म्हटलं, आपोआपच तुटला असणार. कोण कशाला तोडेल?

"पोरे तोडतीन. घंटा वाजनी नही ते शाळा भरस का?"

चौकशी केली तर चौथीतल्या दोघांनी खरंच दगड घालून लोलक तोडला होता. तेव्हापासून मी दगूबाईला जरा वचकूनच असे.

संशय हा तिचा स्वभाव होता. दूधवाल्याच्या दुधात ती बोट बुडवून बघे. पोस्टमनने पत्र दिलं की आधी पाकीट उजेडात धरी, मग माझ्याकडे वाचायला आणी. ग्रामसेवक गोड बोलायला लागला की ती घण खाली ठेवी आणि दोन्ही हात कमरेवर घेऊन उभी राही. मग ग्रामसेवकाचं बोलणं आपोआप आटोपे. गावातले लोक म्हणत, दगूबाई देवळात गेली तरी आधी देवाचे हात मोकळे आहेत का ते बघते. मला ते खरं वाटे.

पण तिचा सगळ्यात मोठा संशय होता तो तिच्या स्वतःच्या घरात तयार होणाऱ्या मालावर. लोहाराला गाव बलुतं देतं. वर्षभर अवजारं करायची, झिजलेली तापवून शेवटायची, धार लावायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. विळा वाईट निघाला तर तोच माणूस तेच वाईट तोंड घेऊन वर्षभर दारात येणार. दुकानदाराचं तसं नसतं. त्यानं विकलं की त्याचा संबंध संपला. दगूबाई म्हणे, "आम्हले त्या हत्यारसंगे नांदनं पडस." म्हणून नवं काही बनवलं, म्हणजे विळ्याची मूठ बदलली, खुरप्याचा वाक बदलला, कुऱ्हाडीला वेगळी पाचर मारली, तर ते अवजार ती आधी भटूला देई.

भटूबद्दल सांगितलं पाहिजे. भटू हा गावचाच शेतकरी, दहा-बारा एकराचा धनी, वयानं पस्तिशीतला, अंगानं दणकट आणि मनानं लोण्यासारखा. पण देवानं त्याला हात देताना त्याबरोबर द्यायचं ते लक्ष मात्र वाटेत कुठंतरी सांडलं. विहिरीवर बादली आणायला गेला की दोर घेऊन परत येई. एकदा वखर हाकता हाकता गाण्याच्या नादात शेजाऱ्याचं अर्धं वावर वखरून आला आणि संध्याकाळी आपलं वावर तसंच पडलेलं बघून भुताखेताची शंका घेऊ लागला. त्याच्या नडगीवर, गुडघ्यावर, बोटांवर इतके व्रण होते की नवीन व्रणाला जागा शोधावी लागे.

दगूबाईची मी यायच्या कितीतरी आधीपासूनची रीत अशी. नवं अवजार भटूला द्यायचं. तीन-चार दिवस वापरू द्यायचं. मग त्याला बोलावून त्याचे हात-पाय बघायचे. खरचटलं असेल तर ते कुठं, कसं, हे हळूच काढून घ्यायचं आणि अवजार परत भट्टीत घालायचं. भटूला काही झालं नाही, तर ते अवजार गावात कुणालाही द्यायला हरकत नाही.

"शहाना मानुसना हातमा समदं हत्यार शहानंच ऱ्हास, गुरुजी," तिनं मला एकदा सांगितलं. "हत्यारनी पारख करनी व्हई ते येडाना हातमा दी देखो."

हे फक्त तिला, भिकनला आणि मला ठाऊक आहे, असा आमचा समज होता. भटूला वाटे, गावात सगळ्यात आधी नवं अवजार आपल्याला मिळतं ते आपली नजर पारखी आहे म्हणून. तो अवजार परत करायला येई तेव्हा डोक्याला पटका नीट बांधून येई. ओट्यावर ऐसपैस बसून मत देई, "वहिनी, मूठ जराशी मोठी करा. बाकी हत्यार झकास शे." दगूबाई मान हलवी आणि नजर त्याच्या करंगळीवरच्या ताज्या ओरखड्यावर ठेवी. विळ्याच्या मुठीचं टोक खाली वाकवायची कल्पना तिला त्या ओरखड्यावरूनच सुचली. हात घसरून पात्यावर जायचा थांबला. खुरपी चांगली झाली, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून सुटणं बंद झालं, आणि त्याचं सगळं श्रेय भटूला मिळालं. हळूहळू गावात एक बोलणंच पडून गेलं. कुणी काही नवं आणलं की विचारत, "भटूनी देखं का?" भटूनं बघितलं असेल तर वस्तू खरी.

मला या प्रकाराची गंमत वाटायची. भटू मत देऊन गेला की मी आणि भिकन पोट धरून हसायचो. दगूबाई हसायची नाही, पण तिनंही कधी त्याला खरं सांगितलं नाही. आज मला त्या हसण्याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

१९५८ च्या माघात कोरीटचा मगन मिस्तरी आमच्याकडे आला. हा मगन वर्षानुवर्षं परगावच्या गिरणीत यंत्रांवर काम करून परतला होता आणि नंदुरबारला पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं छोटासा कारखाना टाकला होता. बैलगाडीतून त्यानं एक यंत्र आणलं. माणसाच्या छातीइतकं उंच लोखंडी चाक, चाकावर दोन पाती, एका बाजूला फिरवायचा दांडा आणि समोर कडबा सारायला लाकडी पन्हाळ. पन्हाळीच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ. ते कडबा आत ओढून घेत आणि पाती त्याचे बोटभर तुकडे करत. तोवर आमच्याकडे ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीनं कडबा तोडत. अर्ध्या दिवसाचं काम या यंत्रानं घटकाभरात होत होतं. मगननं करून दाखवलं. त्यानं एकेक धाट सुटं करून सारलं, त्याच्या माणसानं चाक फिरवलं, आणि बारीक कुट्टीचा ढीग पडला. बैलांनीसुद्धा दावणीत ती चाटूनपुसून खाल्ली, कालपर्यंत जाड बुंधे तसेच टाकणाऱ्या बैलांनी.

मगन वाईट माणूस नव्हता हे मी इथंच सांगतो, कारण पुढं जे झालं त्यावरून वाचणाऱ्याला तसं वाटेल. त्याचं त्या यंत्रावर प्रेम होतं. चाकावर हात फिरवत तो बोले. त्याचं म्हणणं एवढंच होतं की रनाळ्याचे लोक दगूबाईच्या शब्दाशिवाय नवी वस्तू घेत नाहीत, तर तिनं एकदा बघावं. भिकनला त्यानं आपल्या कारखान्यात मिस्तरी म्हणून घ्यायचंही बोलून दाखवलं.

झालं, एवढं ऐकल्यावर दगूबाईचे हात कमरेवर गेले. तिनं यंत्राभोवती तीन फेऱ्या मारल्या. पात्यांना बोट लावलं. चाक फिरवून सोडून दिलं आणि ते किती वेळ फिरतं ते बघत राहिली. मग मगनला विचारलं, "हाई यंत्रवर कोनाले लागनं का?"

"नही वं माय. कोनाले लागी?"

बोलताना त्यानं चाकाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. हे मला दिसलं आणि तिलाही दिसलंच असणार. तरी ती म्हणाली, "आठ दिन ठेव. मंग सांगसू."

यंत्र भटूच्या अंगणात गेलं. भटूला आभाळ ठेंगणं झालं. आठ दिवस तो दुसऱ्या कामाला गेला नाही. जाणारा-येणारा थांबवून तो यंत्राचं वर्णन करी, जणू त्यानंच ते ओतलं होतं. आठव्या दिवशी दगूबाई त्याच्या घरी गेली. मीही सोबत होतो. तिनं भटूचे दोन्ही हात उजेडात धरून बघितले. तळहात, पंजे, नखं, मनगटं. एक ओरखडा नव्हता. तिनं पुन्हा एकदा बघितलं, कारण भटूच्या हातावर आठ दिवसांत एकही ओरखडा नाही ही गोष्ट तिला पटेना. मग तिनं मान हलवली. भटूची बायको फुलवंताबाई आम्हाला पाणी घेऊन आली होती. आम्ही पाणी प्यालो, तांब्या परत दिला आणि निघालो.

फुलवंताबाईचे हात कुणी बघितले नाहीत. मीही नाही. बघितले असते तर दिसलं असतं की तिच्या उजव्या हाताची बोटं दोन ठिकाणी सोललेली होती. यंत्राला दोन माणसं लागत. चाक फिरवायचं काम जोराचं आणि दिमाखाचं, ते भटूनं घेतलं. कडबा सारायचं काम बाईमाणसाचं, ते फुलवंतानं केलं. आजवरची सगळी अवजारं एका हातातली होती. ज्याच्या हाती विळा, त्यालाच तो लागणार. हे यंत्र निराळं होतं, आणि सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या दगूबाईला तो संशय आला नाही.

दगूबाईनं मगनला निरोप धाडला की यंत्र चांगलं आहे. सहा घरांनी यंत्रं सांगून ठेवली. भटूकडचं यंत्र मगननं बक्षीस म्हणून त्याच्याकडेच राहू दिलं.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो होतो. भटूचं अंगण वाटेवरच. तो चाक फिरवत होता. मला बघून त्यानं नेहमीसारखी हाक मारली, "गुरुजी, देखा, आते एक हाततीन बी फिरस!" मी थांबलो. मला थांबायचं काही कारण नव्हतं, शाळेला उशीर होत होता, पण त्याची फुशारकी ऐकायला मला आवडे. तो माझ्याकडे बघून बोलत होता आणि हात चालू होता.

आमच्याकडे कडब्याची पेंढी अंबाडीच्या बंधानं बांधतात. पेंढी सोडली की तो बंध कुणी फेकत नाही. बायका तो डाव्या-उजव्या कुठल्यातरी पंजाला गुंडाळून ठेवतात, पुढच्या पेंढीला तोच कामाला येतो. पिढ्यान् पिढ्यांची सवय. फुलवंताबाईच्या उजव्या पंजाला तसाच बंध गुंडाळलेला होता, आणि त्याचं लोंबतं टोक धाटांबरोबर रुळात गेलं.

तिनं भटूला हाक मारली. भटूनं वळून बघितलं आणि घाबरून दांडा सोडून दिला. पण ते चाक जडच केलेलं होतं, सोडल्यावरही फिरत राहावं म्हणून. ते दीड फेरा आणखी फिरलं.

दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. बैलगाडीनं नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली. भटू वाटभर गाडीच्या मागं धावत होता. गाडीत बस म्हटलं तरी बसेना. मी गाडीत फुलवंताचा हात वर धरून बसलो होतो. ती रडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "गुरुजी, भाकरी थापता ई का?" मी येईल म्हणालो.

गावात चार दिवस हळहळ झाली आणि पाचव्या दिवशी निकाल लागला. बाईचं लक्ष नव्हतं. यंत्र चांगलंच आहे, कारण भटूनं ते आठ दिवस बघितलंय. आणि भटूनं बघितलेली वस्तू खोटी निघाली, असं कधी झालं होतं का? सहापैकी एकाही घरानं सांगितलेलं यंत्र नको म्हटलं नाही. उलट सुगी संपून कडबा घरी आलेला होता, त्यामुळं आणखी तिघांनी निरोप धाडले. मी हे ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. पण बोलायचं तर काय बोलायचं? खरं बोलायचं तर भटू कोण आहे ते सांगावं लागणार होतं.

मगन आला. तोंड उतरलेलं होतं. फुलवंताच्या औषधपाण्याचं मी बघतो म्हणाला. पण दगूबाईनं जेव्हा म्हटलं की ही यंत्रं आता कुणाला देऊ नको, तेव्हा तो अडला. चाक हलकं केलं तर कापणार नाही, म्हणाला. हात सांभाळून काम केलं तर काही होत नाही, म्हणाला. दगूबाईनं त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारला होता. या खेपेला त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खांडबाराले एक गडीना बोटना शेंडा गयता. येवढासा. त्यानं काय सांगानं?"

"मी इचारेल व्हतं ना?"

"इचारेल व्हतं."

"मंग सांगानं व्हतं."

पण येत्या बाजाराच्या दिवशी चावडीसमोर यंत्र मांडायचं मगननं आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते तो मोडणार नव्हता.

तीन दिवस दगूबाईचा घण चालला नाही. भिकननं मला बोलावून नेलं. ती चुलीपाशी बसली होती आणि मला बघून तिनं विचारलं, मी भटूचं खरं गावात सांगितलं तर काय होईल? मी म्हटलं, गाव त्याला हसेल. तो आधीच मेल्यासारखा झालाय. ती म्हणाली, आणि नाही सांगितलं तर? मी नऊ घरांतल्या बायका मोजल्या. जन्मभर दुसऱ्याच्या पोटातलं काढून घेणारी ती बाई आता माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच तिला यातून सोडवणार होतो. मला तिची दया आली आणि रागही आला. त्याहून जास्त राग माझा मला आला.

ती आधी फुलवंताकडे गेली. मला म्हणाली, तुम्ही या, मी एकटी गेले तर मी तिला काहीतरी भलतंच सांगून येईन. स्वतःवर संशय घेताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

फुलवंताबाई ओसरीत बसली होती, हात कापडात बांधलेला. भटू वावरात गेला होता. दगूबाईनं सुरुवात केली, पण फुलवंतानं तिला मध्येच थांबवलं.

"तो धांदल्या शे म्हनीसन तू तेले हत्यार देस. माले पयलापाईन ठाऊक शे, आक्का."

दगूबाई खाली बसली. "मंग बोलनी कसाले नही?"

"तुन्हाकडतीन येस ना, तव्हय तो मोठा व्हईसन येस. आखो कोठे तेले कोन मोठं म्हनस?"

मग दगूबाईनं विचारलं की बाजाराच्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगू का. फुलवंतानं बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. "मी सांग बी म्हनाव नही, नको बी म्हनाव नही. दिन्हं तू. तूच देख."

बाजाराच्या दिवशी मगननं भटूच्या अंगणातलंच यंत्र चावडीपुढच्या निंबाखाली आणून मांडलं. माणसं जमली. आणि मगननं काय करावं? त्यानं चाक फिरवायला भटूला बोलावलं. भटूनं चाक फिरवलं तर गावाचा उरलासुरला धाक जाईल, असा त्याचा हिशेब असणार. भटू आलाही. का आला, ते मला आजही कळलेलं नाही. त्याचा पटका वेडावाकडा बांधलेला होता आणि तो दांड्याला हात लावून उभा होता.

दगूबाई गर्दीतून पुढं गेली. तिनं हात कमरेवर ठेवले नाहीत. कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"आयका," ती म्हणाली. "मी भटूले हत्यार देस, ते तो पारखी शे म्हनीसन नही देस. गावमा त्यानाइतला धांदल्या मानुस दुसरा नही, म्हनीसन देस. त्याले लागनं नही म्हंजे कोनालेच लागाव नही, आसा मन्हा हिसाब व्हता. हाई यंत्रमा तो हिसाब चुकना. चाक एकना हातमा शे, बोटे दुसरीना. आठवा दिनले मी याना हात देखात, फुलवंताना नही देखात. चूक मन्ही शे. घरमा बाई शे त्यानी हाई यंत्र लेवानं नही."

आधी कुणीतरी मागून फस्सकन हसलं. मग दोघं-तिघं. मग सगळ्यांना एकदम आठवलं, शेजाऱ्याचं वखरलेलं वावर, विहिरीवरची बादली, सगळं. बाजार हसला. भटूही आधी हसला, कारण सगळे हसत होते. मग त्याचं हसू थांबलं.

"मंग तो इळा?" त्यानं विचारलं. "ती कुऱ्हाड?"

"समदं," दगूबाई म्हणाली.

"बारा वरीस?"

"बारा वरीस."

भटूनं दांड्यावरचा हात काढला. तो हात कुठं नेऊन ठेवावा हे त्यालाही कळेना. माणसांनी वाट करून दिली आणि तो गेला. त्या दिवशी यंत्र विकलं गेलं नाही. सांगून ठेवलेल्या घरांनी एकेक करून निरोप फिरवले. मगन यंत्र गाडीत घालून घेऊन गेला. ते पुढं दुसरीकडे कुठं विकलं गेलं नसेल, असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर दोन वर्षं भटू लोहारशाळेची पायरी चढला नाही. चावडीवरही येईना. पोरं त्याला बघून ओरडत, "भटूनी देखं का?" मी शाळेत चार पोरांना त्यासाठी छड्या मारल्या, पण छडीनं असली गोष्ट थांबत नाही. फुलवंता मात्र विळ्याला धार लावायला आधीसारखीच येई. तीन बोटांनी भाकरी थापायला ती शिकली होती. दगूबाई तिच्या हाताकडे बघत नसे आणि फुलवंता तो लपवत नसे.

दगूबाईचा संशय गेला नाही, पण तो आता ज्याला कुणी पुढं आणत नाही त्याचा शोध घेई. कुणी नांगराचा फाळ मागायला आलं की ती विचारी, बैल कोण धरतं? पोरगं धरतं का? किती उंच आहे? माणसं कंटाळत. आणि संध्याकाळी ती भिकनबरोबर ते कडब्याचं यंत्र जमिनीवर कोळशानं आखून बघे. एक दिवस मगन स्वतःच एक चाक आणि दोन रूळ घेऊन आला आणि ओट्याखाली ठेवून बसला. तिनं त्याला चहा दिला, पण तो उठून जाईपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही. मग तो येत राहिला. त्यांनी पन्हाळ हातभर लांब केली आणि तिच्यावर पत्रा ठोकला. कडबा सारणाऱ्याच्या पायाशी एक दांडी बसवली. पायानं दाबली की लाकडी ठोकळा चाकाला जाऊन भिडे आणि चाक जागच्या जागी थांबे. चाक फिरवणाऱ्याला न विचारता थांबे. या दांडीवर दगूबाईनं चार महिने घालवले.

१९६० च्या थंडीत ते यंत्र पुरं झालं. मला वाटलं आता ती दुसरा कुणी धांदरट शोधेल. गावात त्यांची काही कमी नव्हती. ती यंत्र गाडीवर घालून थेट भटूच्या अंगणात घेऊन गेली. मगननं यायचं टाळलं. मी, भिकन आणि ती, असे तिघंच होतो.

भटू गोठ्याच्या तोंडाशी उभा राहिला. पुढं आला नाही.

"भटू," ती म्हणाली, "हाई यंत्र तुन्हासाठे आनेल शे. तू धांदल्या शे म्हनीसनच देस. पन औंदा सांगीसन देस. लागी बी, नही बी लागाव. नको व्हई ते नको म्हन, मी परत लई जासू."

भटूनं यंत्राकडे पाहिलं. पत्र्याकडे, पायाच्या दांडीकडे. मग म्हणाला, "माले काय इचारस? बोटे तिना हातना गयात. तिले इचार."

फुलवंताबाई दारात होती. दगूबाई तिच्याकडे वळली. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द न गाळता. फुलवंतानं ऐकून घेतलं. खाली येऊन पायानं ती दांडी दोनदा दाबून बघितली. चाक दोन्ही वेळा थांबलं.

"लेसूत," ती म्हणाली. "पन चाक मी फिरावसू. चारा हाऊ घाली."

भिकननं माझ्याकडे पाहिलं. दगूबाईनं कुणाकडेच पाहिलं नाही. भटू नाही म्हणाला नाही. तो पन्हाळीपाशी येऊन बसला. त्यानं पेंढी पुढं ओढली, तिचा बंध सोडला आणि लांब फेकून दिला. एकेक धाट सुटं केलं. उजवा पाय दांडीवर ठेवला, काढला, परत ठेवला. मी त्याला बारा-चौदा कामं करताना पाहिलं असेल, पण कुठलंही काम इतकं सावकाश करताना पाहिलं नव्हतं.

फुलवंतानं डाव्या हातानं दांडा धरला आणि उजव्या हाताची तीन बोटं त्यावर ठेवली. भटूनं धाटांची मूठ पन्हाळीत धरली आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"फिराव," तो म्हणाला. "पन मन्हाकडे देखत ऱ्हाय."

तिनं चाक फिरवलं, आणि पेंढी संपेपर्यंत त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही.